चौकोन मोडला नाही

लॉकडाऊनमध्ये दर गुरुवारी आमचं स्वयंपाकघर नाचाचा हॉल व्हायचं. टेबल भिंतीला, लॅपटॉप फ्रिजवर आणि स्क्रीनवर पार जर्मनीच्या सीमेजवळच्या एनस्खेडेच्या रीट. सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज खणखणीत. त्या कॉन्ट्रा हा जोड्यांचा लोकनाच शिकवायच्या. "आता शेजारणीचा हात धरा," म्हणत त्या तिकडे हवेत हात धरायच्या, मी इकडे अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये. हॉल उघडले की पहिली भेट नाचातच, खरा हात धरून, असं आमचं ठरलं होतं. म्हणून ऑक्टोबरात एनस्खेडेला नाचाची संध्याकाळ जाहीर झाल्याबरोबर मी नवऱ्याला, निखिलला, न विचारताच दोन तिकिटं काढली.

जाणार असाल तर सांगते: सुपरमार्केटमध्ये अधूनमधून रेल्वेचं दिवसभराचं स्वस्त तिकीट मिळतं, ते घ्या. दोन तासांहून जास्तच लागतात. देव्हेंटरला नदी येते तेव्हा मोबाइल खाली ठेवा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या ते बरं झालं, कारण हॉलवर फक्त वाटाण्याचं घट्ट सूप होतं. दारात लसीचा क्यूआर कोड दाखवायचा की आत नाचताना हात धरायला मोकळीक!

कॉन्ट्रात समोरासमोर दोन लांब ओळी असतात. प्रत्येक फेरीला तुमची जोडी एक जागा पुढे सरकते आणि समोर नवी जोडी येते. कुणाला विचारायला जावं लागत नाही. रीट पार दुसऱ्या टोकाला होत्या. मला ओळखून त्यांनी जोरात हात हलवला.

"अगं, आधी जाऊन भेट तरी," निखिल म्हणाला.

"थांब रे. ओळच आणेल त्यांना."

आणत होतीच. मध्ये चार जोड्या उरल्या, मग दोन, आणि संगीत थांबलं. माइकवरून पावलं सांगणारा कॉलर ओरडला, "आता जरा बदल, स्क्वेअर डान्स!"

स्क्वेअरला चौकोनात चार जोड्या लागतात. एक कमी पडली की नाच नाही. आर्नहेमच्या एका उंच जोडप्याने आम्हाला ओढून घेतलं आणि आमचे आठ पूर्ण झाले. हॉलच्या पलीकडे रीटच्या चौकोनात तीनच जोड्या होत्या. त्यांनी हात वर केला. "कोम! या ना तुम्ही दोघं!"

मी पाऊल उचललंही. आर्नहेमची बाई हसून म्हणाली, "तुम्ही गेलात तर आमचा मोडेल." बरोबरच होतं तिचं. मी रीटना खुणेने सांगितलं, पुढच्या ओळीत. त्या मान डोलावून खुर्चीवर जाऊन बसल्या. आम्ही नाचलो, आणि खोटं कशाला सांगू, मजा आली.

पुन्हा ओळी लागल्या तेव्हा रीटच्या अंगात कोट होता. बसून गुडघा आखडला होता आणि गाडीवाली शेजारीण निघाली होती. मी धावत गेले. नाचाबाहेर अजून कोपराला कोपर लावायचीच रीत होती. त्यांनी कोपर पुढे केलं.

"हात नाचात," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी."

हिवाळ्यात हॉल पुन्हा बंद झाले. फेब्रुवारीत गुरुवारच्या ग्रुपवर मेल आली, रीट गेल्या. टेबल आता पुन्हा स्वयंपाकघराच्या मधोमध आहे.

तुम्ही अशा संध्याकाळी गेलात आणि पलीकडून कुणी हात वर केला, तर आपला चौकोन खुशाल मोडा. सहा माणसं एक नाच बसून राहिली असती, एवढंच.