आवाजावरचा पहारा

"परिच्छेद संपू दे."

समोरच्या दारातून आधी एक बोट वर यायचं आणि मागून हे शब्द. बोट खाली जाईपर्यंत माझी हातोडी हवेत. मी बाइंडर. ठोकल्याशिवाय पुस्तकाची पाठ गोल होत नाही. आणि बाई समोरच्या खोलीत बसून, दृष्टी नसलेल्या मुलांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून आपला आवाज संगणकात भरायच्या. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत आमच्या दोन दारांमध्ये एक अरुंद बोळ होता. भांडणाला तेवढी जागा पुष्कळ.

"बाई, माझं पोट हाय ह्या हातोडीवर."

"हाय नव्हे, आहे. आणि पोट दुपारी भरा. मुलांची परीक्षा तोंडावर आली आहे."

"आमच्या धायरीत हायच म्हणतात."

"म्हणून तर तुम्हाला वाचायला बसवलं नाही."

असं बोलणं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्याशी रोज वाजतं आणि जी एक दिवस दिसली नाही तर चहा गोड लागत नाही. मी शाळा चौथीतच सोडली. तरी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही. ह्या एका बाईचं ऐकलं. का, ते मला विचारू नका.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. पण शब्द असा यायचा की धुऊन, पिळून, वाळत घातलाय. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, जे मुलं आणतील ते वाचायच्या. मी पुस्तकं बांधत आलो, आत काय असतं ते मला कधी कळलं नव्हतं. त्या बोळातून ऐकून ऐकून मला पाणीपुरवठ्याचा कायदा कळायला लागला.

मुलं पेन ड्राइव्ह घेऊन यायची. कुठल्या कॉलेजातून, कुठल्या सायबर कॅफेतून, कुणाकुणाच्या संगणकाला लावून आलेला. बाई तो पदराला पुसायच्या आणि मग आपल्या संगणकाला लावायच्या.

"पुसून रोग जातो होय?" मी म्हणायचो.

"तुम्ही हात तरी पुसता का?"

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. बाईंच्या संगणकात पहारा होता. वेगळा विकत घेतलेला नव्हे, संगणकाबरोबरच आलेला. बाहेरून आलेलं काही वाईट असलं की तो अडवायचा, आणि अडवलं की कोपऱ्यात पाटी दाखवून टिंग करायचा. आता बाई अर्धं पान वाचून झाल्या आहेत, बोळात टाचणी पडली तर ऐकू येईल, मी हातोडी धरून उभा, आणि संगणकच टिंग करतो! सगळा परिच्छेद पहिल्यापासून. असं बरेचदा झालं. शेवटी बाईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि पहाराच बंद करून घेतला. नुसतं टिंग बंद करता आलं असतं, हे त्यानं सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. मला गप्प केलं तसं पहाऱ्यालाही गप्प केलं. खाली उजवीकडे एक छोटी ढाल दिसायची, तिच्यावर तेव्हापासून लाल फुली होती.

"ही फुली कसली, बाई?"

"शांततेची."

पुढं बाईंचा घसा बसायला लागला. आधी आल्याचा चहा, मग ज्येष्ठमध, मग डॉक्टर. एक दिवस आल्या आणि दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगावं तशा मला म्हणाल्या, "सोमवारपासून ठोका हवं तेवढं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. स्वरयंत्र काढून टाकायचं होतं. जीव वाचेल, आवाज जाईल.

त्या दिवशी मी काही ठोकलं नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळी पुस्तकं एका मोठ्या डिस्कवर घालून मुलांच्या ग्रंथालयाला द्यायची ठरवली होती. इतक्या वर्षांचं वाचन त्या एका संगणकात होतं, दुसरीकडे कुठंही नव्हतं. सकाळी मी कुलूप काढतोय तोवर समोरून हाक आली. घोगरी.

"अहो, जरा इकडे या."

बाईंनी मला त्या खोलीत कधी बोलावलं नव्हतं. गेलो. पडद्यावर त्यांच्या पुस्तकांची नावं ओळीनं होती. प्रत्येक नावाच्या चित्रावर एक बारका वाकडा बाण. बाई एका नावावर दाबायच्या, काहीतरी चमकून जायचं, आत काही उघडायचं नाही. दुसरं, तिसरं, तेच.

"काल एकानं पेन ड्राइव्ह लावला होता," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणतो, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल."

"पुसून म्हणजे?"

"पुसून म्हणजे पुसून."

पुस्तक फाटलं तर मी शिवतो. खळ लावतो, नवा पुठ्ठा घालतो. हे कशानं शिवायचं? आणि पुन्हा वाचायचं म्हटलं तर वाचणार कोण?

मी ढालीवर बोट ठेवलं. "आधी हा पहारा चालू करा."

"आणि त्यानं माझंच काही खाल्लं तर?"

"मग चोर आत ठेवून झोपणार का तुम्ही?"

बाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग ढालीवर दाबलं. एक पान उघडलं, सगळं इंग्रजीत. बाई वाचून मराठीत सांगत होत्या, परीक्षेचा पेपर सांगावा तशा. "संरक्षण बंद आहे. तुमचा संगणक धोक्यात आहे. चालू करा." चालू करावर दाबलं आणि सगळा पडदा एकदम काळवंडला. आम्ही दोघंही मागं सरलो. गेलं, मी मनात म्हटलं. पण मधे एक चौकोन होता, खरंच बदल करू का, असं तो विचारत होता. बाईंनी हो म्हटलं. उजेड परत आला. ढालीवरची फुली गेली.

मग तो तपासायला लागला. एक पट्टी मुंगीच्या पायानं पुढं सरकत होती. बाई पदराचं टोक पिळत होत्या. बोळातून कुणी तरी "बाइंडर आहेत का?" विचारलं. मी म्हटलं, "नाहीत."

पट्टी संपली आणि लाल अक्षरं आली. धोके सापडले. खाली यादी. बाईंनी पहिलं नाव वाचलं आणि थांबल्या.

"हे माझंच पुस्तक आहे."

दुसरंही त्यांचं. तिसरंही. सगळी यादी बाईंच्या पुस्तकांचीच. आणि शेजारी बटण, काढून टाका.

बाई खुर्चीत मागं टेकल्या. "हा माझ्या आवाजालाच रोग म्हणतोय."

मग बाई पुढं वाकल्या, चष्मा वर केला, पुस्तकांच्या नावांची आधीची यादी पुन्हा उघडली आणि त्यांच्या शेजारचे आकडे वाचायला लागल्या. चेहरा बदलला.

"अहो, हे सगळे इवलेसे आहेत. एवढ्या जागेत माझा नमस्कारसुद्धा मावायचा नाही. पुस्तक कुठलं मावतंय?"

"म्हणजे नुसते पुठ्ठे," मी म्हणालो. "वर नाव, आत पानं नाहीत."

"नुसते पुठ्ठे. कुणीतरी चिकटवलेले." मग हळूच, "पण मग पानं कुठं आहेत?"

ते मला माहीत नव्हतं. त्यांनाही नाही. बाईंचं बोट बटणापाशी गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, परत आलं.

"मला होत नाही. तुम्ही दाबा."

मी दाबलं. संगणकाच्या त्या उंदरावर हात कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं, तरी दाबलं.

नावं गेली. एकेक नाही, सगळीच. पडदा पांढरा, कोरा. मी आयुष्यात पुष्कळ कोरे कागद पाहिलेत, इतका कोरा पाहिला नाही. बाईंचा आवाज मी पुसला. माझ्या ह्या बोटानं. बाई रडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या त्या पांढऱ्याकडे बघत बसल्या. मला पळून जावंसं वाटत होतं आणि मी पळालो नाही, एवढं लिहून ठेवतो.

"संगणकातली जागा भरलेली दाखवतंय," बाई पुटपुटल्या. "कपाट रिकामं दिसतंय, पण भरलेलं आहे."

त्या वरच्या बाजूला काय काय उघडत गेल्या. कुठं तरी 'लपवलेलं दाखवा' असं होतं. तिथं टिचकी मारली. आणि पांढऱ्यातून एकेक नाव वर यायला लागलं. फिकट, उन्हात राहिलेल्या कापडासारखं. ह्यांच्यावर बाण नव्हता. त्या रोगानं खरी पुस्तकं लपवून पुढं पुठ्ठे मांडले होते.

बाईंनी एकावर दाबलं.

"प्रकरण पहिले," खोलीत आवाज आला. स्वच्छ, घसा बसायच्या आधीचा.

आम्ही दोघंही ते प्रकरण ऐकत बसलो. जमीन महसुलाचं होतं. माझा चष्मा ओला झाला, तो मी बाईंच्या देखत पुसला नाही.

ग्रंथालयाची डिस्क भरत असताना पहाऱ्यानं मधेच टिंग केलं. मी दचकलो. बाई म्हणाल्या, "वाजू दे, वाजू दे."

ऑपरेशन झालं. महिन्यानंतर बाई परत आल्या, गळ्याला मऊ रुमाल बांधून. पहिल्याच दिवशी संगणक लावला आणि आपलंच एक पुस्तक ऐकायला बसल्या. मी बोळातून पाहत होतो. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली. कुठं तरी चुकीचं वाचलं गेलं असणार. सवयीनं त्यांनी ते थांबवलं, माईक जवळ ओढला, पाठ ताठ केली आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडदा कोरा झाला होता त्या सकाळीसुद्धा त्या डोळ्यांत एवढी भीती नव्हती. मी मान खाली घातली नाही. काय करणार होतो, तसाच बघत राहिलो. थोड्या वेळानं बाईंनी माईक दूर सारला आणि पुस्तक पुन्हा सुरू केलं, ती चूक ठेवून.

त्यानंतर त्या रोज येत आणि ऐकत. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्या खोलीत आता कुठल्या तरी क्लासचं ऑफिस आहे, तिथला मुलगा आतून दार लावून घेतो. मला मात्र बाई त्या दिवसांतल्याच दिसतात. खुर्चीत बसलेल्या, डोळे मिटलेले, प्रत्येक पुस्तक तोंडपाठ. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा.