रंगाच्या टाक्यातली बुरशी

कुजकं लाकूड दिसलं की सर ते उचलून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "पाहा भाऊ, काम करून राह्यली!" काम करायची ती त्यावरची बुरशी. माझ्याही नाकाशी लाकूड यायचं. मग मी दिवसभर शिंकायचो.

सर वर्ध्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मी सेलूजवळच्या एका सूत-रंगाईच्या शेडचा व्यवस्थापक होतो. म्हणजे बायका सूत रंगवायच्या आणि मी हात पाठीमागे बांधून फिरायचो. ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या निळ्या-लाल पाण्यानं नाल्यातले मासे मरू लागले. गावानं बजावलं, पोळ्यापर्यंत पाणी सुधारा, नाहीतर शेड बंद. बारा बायकांच्या चुली त्या शेडवर पेटत होत्या. मी सरांना गाठलं.

सर हिंगणीच्या जंगलातून पंख्यासारखी बुरशी आणून ओल्या भुशावर वाढवायचे. "हिच्या रसानं लाकूड तुटते, मग रंग काऊन नाई तुटणार?"

तो भुसा शेडच्या सांडपाण्याच्या टाक्यात पडला आणि तिसऱ्या दिवशी पाणी चक्क फिकं! मी इतका हुरळलो, की गावकरी पाहायला येतील म्हणून टाक्याला आतून चुना मारून घेतला. सणाला घर नाही का आपण पांढरं करत? दोन दिवसांत बुरशी मेली. नवं पाणी जसंच्या तसं निळं.

रंगाईतल्या रखमाबाईंनी कपाळावर हात मारला. "भाऊ, तुमाले नुसतं फिराले ठेवलं, तेच बरं होतं जी!"

सर रागावले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. "चुना तिले मानवत नाई, म्हणजे आंबट मानवन! काढा सायकल!"

पोळा आठ दिवसांवर. हिंगणीहून बुरशीचं पोतं मीच ओढलं. बायकांनी चुना खरवडला, टाक्यात नव्या बुरशीचा भुसा घालून चिंचेचा कोळ ओतला. पोळ्याच्या आदल्या सकाळी पाणी पातळ चहासारखं झालं. मी नाचायच्या बेतात होतो.

"थांबा भाऊ. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाई." सरांनी ते पाणी जर्मनच्या गंजात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात घेऊन पाच मासे सोडले. अख्खं गाव गंजाभोवती. दुसऱ्या दिवशी बैल सजायच्या वेळेलाही पाचही मासे पोहत होते. शेड राहिली.

सर आता नाहीत. मला मात्र ते अजून दिसतात, गुडघाभर नाल्यात उभे, गंज तिरपा करून एकेक मासा सोडताना. काठावरून बारा जणी ओरडताहेत, "सर, बाहेर या ना जी, पाय घसरन!" आणि सरांना काही ऐकूच येत नाही.