पाणी कुठवर आलं होतं?

शामसुंदर यांनी तीस वर्षं नाशकात जमिनी मोजल्या. त्यातली निम्मी तरी नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारण्यात गेली असतील, "पाणी कुठवर आलं होतं?" दुर्बीण काय, कालची पोरंही लावतात, पुराची खूण मात्र माणसंच सांगतात, असं त्यांचं म्हणणं. या म्हणण्यावर ते स्वतःच बेहद्द खूश असत. आपण दाखवलेली पूररेषा आजवर कुणाला परत मोजावी लागली नाही, हे ते चहाला भेटलेल्या प्रत्येकाला ऐकवत.

गंगापूर रोडच्या पुढे नदीकाठी रोहितचा मळा होता. घर खाली, मळा चढावर. द्राक्षबाग काढून तिथे त्याला बंगल्यांचे चौदा प्लॉट पाडायचे होते. सरकारी नकाशातली निळी पूररेषा अलीकडच्या नाल्यापाशीच संपत होती. पुढे एकोणीस सालच्या पुराचं पाणी कुठवर चढलं, ते जागेवर पाहून दाखवायचं होतं. पाणी आलं तिथे घर बांधता येत नाही, एवढा साधा नियम. शामसुंदरांनी रोहितच्या आजीला, भागीबाईंना विचारलं. त्यांनी ओट्याच्या पायरीवरचं कुंकू दाखवलं. नदीला त्या गंगाच म्हणत.

"गंगा हितवर आली."

चौदाही प्लॉट रेषेबाहेर बसले. नकाशा सोमवारी दाखल व्हायचा होता, म्हणून शनिवारी शामसुंदर सह्या घ्यायला गेले. भागीबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. सहज बोलायचं म्हणून ते म्हणाले, "मावशी, बरं झालं, पाणी पायरीशीच थांबलं."

"तिथं आम्ही गंगेची ओटी भरली. खण-नारळ दिला, कुंकू लावलं. ओटी घेतली की गंगा मागं फिरती."

"आणि नाही फिरली तर?"

"फिरली असंच म्हणायचं, भाऊ. पुढचं बोलायचं नाय."

अशी किती कुंकवं आपण आजवर मोजली, याचा विचार शामसुंदरांनी सुरू केला आणि घाबरून लगेच थांबवला. त्यांना स्वतःची लाज वाटली. भिंतींवरची पाण्याची खूण नव्या रंगाखाली गेली होती, आजूबाजूचे जुने शेतकरी जमिनी विकून गेले होते. खरं काय ते आता या एका म्हातारीलाच ठाऊक होतं.

"काका, आता कशाला उकरून काढता?" दारात आलेला रोहित म्हणाला. "आजीनं सांगितलं, तुम्ही लिहिलं. झालं."

तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याला नकाशा मंजूर व्हायला हवा होता, एवढंच.

"मावशी, वर चौदा घरं होणार," शामसुंदर म्हणाले. "लेकरंबाळं राहायला येणार."

"मी गंगेला बोल लावायची नाय."

शामसुंदरांनी सह्यांचे कागद पिशवीत परत ठेवले. मग म्हणाले, "बरं, पाण्याचं राहू द्या. त्या दिवशी गाय कुठे बांधली होती?"

भागीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चढ चढत मळ्यात गेल्या. तिसऱ्या प्लॉटच्या खुंटीपाशी थांबून म्हणाल्या, "आधी हितं." सातव्यापाशी म्हणाल्या, "मंग हितं." शेवटी बाराव्याच्या वरच्या बांधावर, बाभळीखाली जाऊन बसल्या. शामसुंदरांनी गाडीतून मोजपट्टी आणि दुर्बीण आणली, पट्टी बाभळीला टेकवून उभी केली आणि दुर्बिणीतून उंचीचा आकडा वाचला. रेषेबाहेर दोनच प्लॉट उरत होते.

रोहित धापा टाकत वर आला. "आजी, ऊन लागतंय. चल घरी."

"दोन दिस बसले व्हते हितं, गायीचं दावं धरून," भागीबाई म्हणाल्या. "तू पुण्याला व्हता. फोनवर लय घाबरला, म्हणून तुलाबी म्हणले, गंगा मागं फिरली."