टेम्परवारी
जुन्या प्रिंटरच्या रिबनचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला बोईसरचा रसायन कारखाना आठवला. तिथे मी संगणक सांभाळत असे. हंगामी कामगारांना सगळे ‘टेम्परवारी’ म्हणत, म्हणून त्यांच्या नोंदींच्या कप्प्याला मी ‘टेम्प’ नाव दिलं. पुढे आलेल्या नव्या संगणक प्रणालीत कामगारांची यादी मागितली की ‘टेम्प’ने सुरू होणारे कप्पे ती स्वतःचे आतले, तात्पुरते समजून लपवत असे; त्यातली नावं यादीत येतच नसत. ॲसिडने हात भाजलेली जवळच्या पाम गावची एक बाई सरकारी दवाखान्यासाठी कामाचा दाखला मागायला आली. मॅनेजरने पडद्यावरची यादी दाखवली. “यात तू कुठंच नाहीस. ही आमची कामगार नाही.” ती म्हणाली, “आमी टेम्परवारी हाय साहेब, पन हात पक्का जळलाय ना?” मी कप्प्याचं पूर्ण नाव टाइप केलं. साठ नावं आली, चौथं तिचं. मॅनेजर माझ्या कानाशी म्हणाला, “काय लपवायचं ते मशीनला कळतं. तुला कधी कळणार?” मी कागद छापून तिच्या चांगल्या हातात दिला. संध्याकाळी मलाही कायमचं घरी पाठवलं. त्याचा राग केव्हाच विरला. त्या कप्प्याला ते नाव मी दिलं, हा राग अजून आहे.