पाय मोजून काढलेला डास

नांदेडच्या कॉलेजात आमच्या बी.एस्सी.च्या वर्गात मुली आम्ही पाचच होतो. पुढच्या बाकावर बसायचो आणि तास संपला की मागे न बघता बाहेर पडायचो. मुलांशी बोलायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ज्याच्याविषयी मी लिहिते आहे, त्याच्याशी कॉलेजच्या सगळ्या वर्षांत माझं एकदाच बोलणं झालं, आणि तेही धड वाक्यभर नाही.

तो उमरीहून रोज पॅसेंजरनं यायचा. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. उंच, सावळा, शर्टाची उजवी बाही कायम शाईनं माखलेली. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तो आकृती काढायला बसला की प्रयोगशाळेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळेच मामा म्हणायचो, ते हातातलं काम सोडून त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. बेडकाचं आतडं काढावं तर त्यानंच.

माझी चित्रकला म्हणजे आनंदच होता. झुरळाच्या तोंडाची आकृती सरांनी तीनदा परत केली. तिसऱ्यांदा म्हणाले, "हे झुरळ आहे का अडकित्ता?" सगळा वर्ग हसला. दोन दिवसांनी मामांनी माझं जर्नल आणून दिलं. कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीचे नुसते ठिपके टाकले होते, इतके फिके की पान तिरकं धरल्याशिवाय दिसू नयेत. मी ते जोडत गेले आणि आकृती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात तो समोर आला तेव्हा मी कसंबसं म्हणाले, "ते ठिपके..."

"रेघ तर तुमचीच हाय," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

कॉलेजात तो पहिला आला. औरंगाबादला एम.एस्सी. करणार, मग प्राध्यापक होणार, हे सरांनीही गृहीत धरलं होतं. पण आमचा निकाल लागला त्या वर्षी पाऊसच आला नाही. आदल्या सालीही पिकं धड झाली नव्हती, आता विहिरींनी तळ दाखवला. माझं लग्न ठरलं होतं. सासरच्यांनी अहमदपूरहून उदगीरला, माझ्या माहेरी, निरोप धाडला की पाऊस झाल्यावर बघू. वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. पोती यायचीच बंद झाली, तेव्हा ते दुपारभर रिकाम्या गादीवर बसून राहायचे. मी घरात बसून काय करू म्हणून बी.एड.ला गेले. दुष्काळ पडला नसता तर मी शिक्षिका झाले नसते, एवढं नक्की. वर्षभरानं लग्न झालं. हेही शिक्षक, त्यामुळे सासरी माझ्या नोकरीला कुणी नाही म्हटलं नाही. अहमदपूरच्या मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवायला लागले.

वर्गातलं कुणी भेटलं की पहिल्यांदा उमरीवाल्याचा विषय निघायचा. बाकीच्यांचं काय झालं ते कळत होतं. कुणी बँकेत, कुणी तलाठी, एकानं तर बांगड्यांचं दुकान टाकलेलं. याचाच पत्ता नव्हता. एम.एस्सी.ला तो गेलाच नाही. कुणी म्हणे हैदराबादेत औषधाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. कुणी म्हणे मिलिटरीत गेला. एका मैत्रिणीनं तर परळीच्या देवळात त्याला भगव्या कपड्यांत पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. मी सगळं ऐकून घ्यायची. प्रत्येक वेळी खरं वाटायचं, आणि घरी येईपर्यंत खोटं.

अशी दहाएक वर्षं गेली आणि लातूर जिल्हा झाला. तोवर साध्या एका सहीसाठी आम्हाला उस्मानाबाद गाठावं लागे, त्यात सगळा दिवस मोडायचा. आता लातूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत. शाळेतल्या जुन्या कागदांवर छापलेलं 'जि. उस्मानाबाद' आम्ही पेनानं खोडून वर 'लातूर' लिहायचो. मुलींना त्याची फार मजा वाटायची.

प्रयोगशाळेच्या सामानासाठी मी एकदा लातूरला शिक्षण खात्याच्या नव्या कार्यालयात गेले होते. भाड्याच्या इमारतीत कचेरी, खुर्च्यांवर अजून सुतळ्या. साहेब जेवायला गेले होते. मी वेळ काढायला रस्त्यानं चालत निघाले. सरकारी दवाखान्याच्या कंपाउंडवर हिवतापाचं चित्र रंगवलेलं होतं, माणसाएवढा मोठा डास. तशी चित्रं मी पुष्कळ पाहिली होती. माशीला सोंड लावली की पेंटरचा डास तयार होतो. पाय कधी चार, कधी आठ. इथे पाय सहा होते आणि सहाही छातीतून निघालेले. शेपटीकडची बाजू तिरकी वर उचललेली. सोंडेच्या दोन्ही बाजूंना सोंडेएवढेच लांब दोन दांडे, आणि मिशांवर केस अगदी विरळ. हा नुसता डास नव्हता, ही हिवताप पसरवणारी ॲनॉफिलीसची मादी होती. मी तिथेच उभी राहून पाय पुन्हा मोजले.

समोर चहाची टपरी होती. मी विचारलं, "हे कोणी काढलं हो?"

"ते का? उमरीवाल्या पेंटरनं," टपरीवाला म्हणाला. "नवरा-बायको दोघं मिळून काढतेत. ह्या एका डासाला आठ दिस लावले बगा. दवाखान्याचे साहेब लई वैतागले."

"कुठे राहतात?"

"गोलाईच्या बाजारामागं दुकान हाय त्यांचं. कुणालाबी इचारा."

परतीची एस.टी. चुकेल, हे कळत असूनही मी निघाले. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे मोकळी जागा. तिथे दहा-बारा पाट्या भिंतीला टेकून वाळत होत्या. एकीवर पंचायत, एकीवर सोसायटी, एकीवर दवाखाना, आणि प्रत्येकीच्या खाली जिल्हा लातूर, जिल्हा लातूर. एक बाई पदर खोचून उकिडवी बसून 'तू'चा उकार ओढत होती. हात जराही हलत नव्हता.

"कोन पाहिजे बाई?" तिनं ब्रश न उचलता विचारलं.

मी सांगेपर्यंत तो आतून आला. केस विरळ झाले होते, बाही तशीच, फक्त शाईऐवजी तेलरंगाची. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तुम्ही अमेरिकेला होता ना?"

मला काही कळेना. "मी? मी अहमदपूरला असते."

"काय मालूम! मला तर सांगितलं होतं की तुम्ही डॉक्टरशी लग्न करून अमेरिकेला गेलात." त्याला हसू आलं, मलाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्याच्या कहाण्या रचत होतो आणि तिकडे कुणीतरी माझी रचत होतं.

त्याच्या बायकोनं चहा ठेवला. मी विचारलंच, "एम.एस्सी.ला का नाही गेलात?"

"जागा मिळाली होती," तो म्हणाला. "पण कापूस आला नाही, जिनिंग बंद पडलं, बाबा घरी बसले. मग मी दुष्काळी कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो. मुखेडकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. माणसं इतकी, की सकाळी कोण कोणत्या टोळीत जायचं तेच कळेना. मी टोळ्यांना नंबर दिले, बोर्ड लावले. पण वाचणारं कोण? बाया रोज चुकीच्या टोळीत जाऊन बसायच्या आणि हजेरी राहिली म्हणून रडायच्या. मग मी एक दिवस नंबर पुसले आणि चित्रं काढली. एका टोळीला मासा, एकीला पोपट, एकीला खेकडा."

"आमचा खेकडा," बायको स्टोव्हपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "पोपटवाल्या लई मिजास करायच्या. आमी भांडाया गेलो, की आमाला मोर द्या. हे म्हनले, खेकड्याला दहा पाय असतेत, मोराला दोनच. तुमीच बगा कोन मोठं."

"मग?"

"मग काय, आमी मोजले. दहाच भरले."

ती त्या टोळीतली होती. चित्रं उन्हानं फिकी पडली की पुन्हा रंगवावी लागत, तेव्हा ती चुना आणि गेरू कालवून द्यायला यायची. हळूहळू तीच रेघ ओढायला लागली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, काम थांबलं. सरांचं पत्र आलं की अजून वेळ गेलेली नाही, ये. जिनिंगही सुरू झालं होतं, घरची अडचण उरली नव्हती.

"तरी नाही गेलात," मी म्हणाले. मला त्याची हळहळ वाटत होती आणि ती माझ्या आवाजात आली असणार.

तो म्हणाला, "बाई, मी कॉलेजात एवढ्या आकृत्या काढल्या. सरांनी तपासल्या, मार्क दिले, संपलं. तिथं सकाळी अंधार असताना बाया यायच्या अन् माझा मासा शोधायच्या. मासा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मला दुसरीकडं जावंसंच वाटलं नाही. बाबा दोन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. जातीबाहेर लग्न केलं त्याच्यावरून अजून दोन वर्षं. आता बोलतात."

"आणि कधी वाटत नाही, की..."

"वाटतं की. प्राध्यापक झालो असतो तर सावलीत बसलो असतो," तो म्हणाला, आणि दोघंही नवरा-बायको हसली.

मी ओल्या पाटीकडे बघून त्याच्या बायकोला म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

"मला कुटं वाचता येतंय," ती म्हणाली. "हे खडूनं काढून देतेत, मी रंगविते. पन ह्या जिल्ह्यापाई एक शब्द आला बगा मला. परवा एस.टी.त बसले, वरची पाटी बगितली, अन् मोठ्यानं वाचलं, लातूर. कंडक्टर म्हनला, हाव, लातूरलाच चाललो, वरडू नका."

एस.टी. चुकलीच. शेवटच्या गाडीनं घरी पोचले तेव्हा हे फाट्यावर येऊन थांबले होते. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "डासाच्या मिशा खरंच बरोबर होत्या?"

पुढच्या उन्हाळ्यात मी मुख्याध्यापिकाबाईंना पटवलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तक्ते काढायला दोघांना अहमदपूरला बोलावलं. चार दिवस ते आमच्याच घरी राहिले. शेवटच्या दिवशी मी सूक्ष्मदर्शक काढून टेबलावर ठेवला. कॉलेज सुटल्यापासून त्यानं त्याला हात लावला नव्हता. शाळेच्या हौदातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन तो वाकला तो कितीतरी वेळ उठलाच नाही. बाजूचा स्क्रू तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. सावलीत बसण्याची गोष्ट त्यानं हसत सांगितली होती, पण सगळीच काही हसण्यावारी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यानं बायकोला पुढे केलं. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा, मग एकदम मागे सरकली.

"हे जितं हाय?"

"जितं हाय," तो म्हणाला.

"हौदातलं? जे आमी प्यालो ते?"

"तेच."

ती पुन्हा वाकली. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्याला पाय न्हाईत. केसावर चालून राहिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, कागद हाय का?"

मी जर्नलचा कागद दिला. खडूची रेघ नाही, ठिपका नाही, काहीच नाही. तिनं एकदा आत बघायचं, एकदा कागदावर, असं दुपारभर केलं. मुली खिडकीतून बघत होत्या. त्याला तिनं मधे बोलूही दिलं नाही. तो बाजूला स्टुलावर बसून होता, हात मांडीवर ठेवून, वर्गात बसावं तसा.

पुढे ते दोघं दर वर्षी यायला लागले, तक्ते नव्यानं करायला. सातवीच्या वर्गात मागे बसून ती मुलींकडून अक्षरं शिकली, आणि पाट्या स्वतःच लिहायला लागली. नांदेडला वर्गातल्या लोकांना मी हे सगळं सांगितलं, पण त्याला परळीला पाहिलेली मैत्रीण अजून मानत नाही. फ्लेक्सचे फलक छापणारी यंत्रं लातुरात आली तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि उमरीला गेले. मी निवृत्त झाले त्या दिवशी तिचं पत्र आलं, तिच्या हातचं. पहिल्या ओळीत विचारलं होतं, की हौदातलं पाणी मुली आता गाळून पितात का.