मातीनं तोंड न लावलेली चड्डी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसू येणार नाही. या बाईंना सगळे ‘चड्डी-आत्या’ म्हणतात. माती तपासायच्या केंद्रात त्यांची तीस वर्षं गेली, आणि काम काय, तर लोकांच्या शेतात कोऱ्या सुती चड्ड्या पुरणं! वीतभर खोल पुरायची, काडी रोवून खूण करायची, साठ दिवसांनी उकरायची. माती जिवंत असली की बुरशी, किडे आणि डोळ्यांना न दिसणारे जीव सूत खाऊन फस्त करतात. हातात उरतं नुसतं इलॅस्टिक. जितकी चड्डी फाटकी, तितकी जमीन धडधाकट. “माणसांचं उलटं असतं,” असं म्हणून आत्या स्वतःच खो-खो हसायच्या.

खोटं मात्र त्यांच्या जिभेवर कधी आलं नाही. एका बागवाल्यानं चांगला अहवाल लिहा म्हणून गळ घातली, तर आत्यांनी ती न कुजलेली चड्डी त्याच्या तोंडासमोर झटकली होती.

म्हणूनच थोरल्या भावाच्या मुलीनं त्यांना बोलावलं. पुतणी पस्तिशीची, चांगल्या ऑफिसात नोकरीला, पण जीव बापाच्या शेतीत. ती म्हणाली, “आत्या, तू सांगशील तसं. माती जिवंत असेल तर राजीनामा देते आणि इथंच राहते. नसेल तर परत जाते.”

आत्यांनी तिथंही चड्डी पुरली आणि साठाव्या दिवशी भर दुपारी त्या शेतात शिरल्या. पीक कंबरेएवढं, हिरवंगार. पण चार पावलांतच त्यांना कसंसंच झालं. कुठं काही किरकिरत नव्हतं. मुंगी नाही, कोळ्याचं जाळं नाही. माती हुंगली तर तिला वासच नव्हता. त्यांनी एक रोप उपटलं. चांगल्या जमिनीतलं मूळ माती सोडत नाही, तिला बिलगूनच वर येतं. हे आलं धुतल्यासारखं स्वच्छ.

मग त्यांनी काडीपाशी उकरलं. चड्डी झटकली. अहो, एक टाका उसवला नव्हता! दुकानातून आत्ता आणावी तशी.

आपणच चुकून नायलॉनची पुरली की काय? त्यांनी एक धागा ओढून आगकाडीनं पेटवला. नायलॉन वितळून गोळी होते. याची राख झाली, कागद जळाल्याचा वास आला. सूतच होतं. भाऊ दर पेरणीआधी जमिनीत कीड-बुरशी मारायचं औषध सोडायचा, “साफसूफ करतो” म्हणायचा. केली होती साफ.

बांधालगतच्या ओळीतलं रोप उपटलं तेव्हा मात्र त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. मुळं खाली गेलीच नव्हती. सगळी आडवी, एकाच बाजूला, बांधाकडे वळलेली. दुसरं रोप उपटलं, तिसरं उपटलं. तेच. बांधावर रानगवत माजलं होतं, तिथं कधी औषध पडलं नव्हतं. आख्खी ओळ जमिनीखालून तिकडे पळायला निघाली होती.

“पिशवीत दुसऱ्या शेतातली असेल ना एखादी? ती दाखव.”

भाऊ मागं कधी येऊन उभा राहिला, कळलंच नव्हतं. जन्मात त्यानं धाकट्या बहिणीकडे काही मागितलं नव्हतं. “पोर गेली तर मी काय भिंतींशी बोलू?”

आत्यांनी घरी जाऊन पुतणीला पिशवीतली, दुसऱ्या शेतातली चाळण झालेली चड्डी दाखवली. पुतणीनं त्यांना कडकडून मिठी मारली आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा पाठवला. इथली न कुजलेली चड्डी गुपचूप त्याच खड्ड्यात गेली.

पुतणीनं औषध बंद केलं, पालापाचोळा टाकला. आत्याही बांधावरची माती ओंजळीनं आणून त्या खड्ड्यात घालायच्या. दर साठ दिवसांनी भेटीच्या निमित्तानं जायच्या आणि उकरून बघायच्या. जशीच्या तशी. सहा खेपा झाल्या. त्यांची अन्नावरची वासना उडाली.

सातव्या खेपेला चड्डी निघाली ती घडी घातलेली. व्यवस्थित, चौपदरी, कपाटात ठेवतात तशी. या मातीनंच तर... आत्यांच्या मनात नको नको ते आलं.

“घडी मी घातलीय,” पुतणी मागून म्हणाली. “पहिल्याच महिन्यात खणताना सापडली होती, तेव्हा तशीच पुरून ठेवली. घडी काल घातली.”

“मग गेली का नाहीस गं?”

“राजीनामा दिला होता. आणि बाबा माझ्यासाठी जेवायला थांबतात. मी खूप रडले, तुला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. आता तरी खरं सांग. किती वर्षं लागतील?”

“पंधरा. जास्तही.”

“म्हणजे मी पन्नाशीची.”

“हो.”

“आणि बाबा?”

पुतणीनं खाली वाकून चड्डी पुन्हा खड्ड्यात ठेवली, माती लोटली, पायानं दाबली.

“यापुढं तू उकरू नकोस,” ती म्हणाली. “माझं मीच बघेन. तू सांगितलेलं आता मला खरं वाटायचं नाही.”

आत्यांनी पिशवी उचलली आणि बांधाच्या कडेनं घरी निघाल्या.