डोळ्यात कोरा चहा

माझ्या आईला चहाचं भारी वेड. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात ती सकाळी मोहफुलं वेचून आली की आधी चूल पेटवते, चहा घेते, मग माणसांशी बोलते. मागच्या उन्हाळ्यात मात्र तिच्या टोपलीत फुलांपेक्षा पालापाचोळाच जास्त यायला लागला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून जायची.

मी आरमोरीला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरच्यांनाही शिकवायची खोड आहेच. एका रविवारी तिला वाचून दाखवलं की चहा-कॉफीतलं कॅफीन पोटातून रक्तात जातं, रक्तातून डोळ्यातल्या पाण्यात उतरतं आणि पार भिंगापर्यंत पोचतं. उंदरांमध्ये त्यानं मोतीबिंदू लांबला. माणसांत तसं होतं का, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. आणि एकदा धरलेला मोतीबिंदू चहानं विरघळत नाही, हेही मी बजावलं. पण आईला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

आमच्याकडे डोळा बिघडला की रानातला मध बोटानं डोळ्यात घालतात. आईनं तेच डोकं लावलं. पुढच्या शनिवारी गेले तर ही बाई ओसरीवर बसलेली, डोळे लालभडक, गालांवरून पाणी वाहतंय. शेजारी वाटीत कोरा चहा, त्यात मध आणि कापसाचा बोळा.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"तूच तं सांगतलं. पोटातून फिरून जायाले टाइम लागते. मंग सीधा डोयातच टाकला."

मी तडकले. तिला तशीच उठवून बसनं गडचिरोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बुबुळाला जखम होऊन त्यात जंतू शिरले तर ऑपरेशन करूनही नजर परत येणार नव्हती, एवढं मला कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत पिवळा रंग सोडला आणि निळा प्रकाश टाकून बघत राहिल्या. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाल्या, "बुबुळ साफ आहे. नुसती लाली आहे, उतरेल." मी तिथल्याच स्टुलावर टेकले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

"माह्यं काय चुकलं पन?" आईनं विचारलंच.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमचं डोकं काही वाईट चाललं नाही. प्राण्यांवर असे थेंब वापरून पाहिलेत. पण ते जंतू मारून तयार केलेले असतात. चुलीवरचा चहा आपला प्यायचा."

आईही आतून घाबरलीच होती. परतीच्या वाटेवर ऑपरेशनला हो म्हणाली. लाली गेल्यावर एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं.

शेवटची तपासणी करून आम्ही बसस्टँडवर आलो. गाडी लागली तशी गर्दी उसळली. सवयीनं मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"सोड वं, दिसून राह्यलं मले."

लोकांना कोपरानं सारत ती पायऱ्या चढली आणि तिनं खिडकीजवळची जागा धरली. मी रिकामा हात घेऊन खालीच उभी. हसू येत होतं, डोळेही भरून आले होते. आतून ती ओरडली, "चाल ना वं, बस सुटून राह्यली!"